ताईचा खोटा सूर्य

माघातला वारा वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीवरून आमच्या मागच्या खोलीत शिरला, की तारा जोडायच्या डाखाच्या धुरात तिखटाची झोंब मिसळे, आणि ताई ओढणीत शिंक दाबून धरी. तारेवर टेकलेला हात मात्र तसूभरही हलू देत नसे. कोरीट गावातल्या त्या खोलीत माझी थोरली बहीण उपग्रहांसाठी खोटा सूर्य घडवीत होती. आकाशात जाण्याआधी उपग्रहाची जमिनीवरच परीक्षा घ्यायची. सौरपट्ट्यांऐवजी तिची पेटी त्याला वीज देणार, कधी भर उन्हातली, कधी सावलीतली. मी मराठीचा मास्तर, विजेतले मला ओ की ठो कळत नाही, माय मात्र शेजारणींना ठासून सांगे, "मन्ही पोर घरमा सूर्य करी ऱ्हायनी!"

पेटी पुण्याच्या कंपनीत गेली, उपग्रह परीक्षेत उतरला, आणि चार दिवसांत तो प्रक्षेपणासाठी रवाना व्हायचा होता. त्या दुपारी आम्ही जेवत असताना गेलेली वीज आमच्याकडे येते तशी धाडकन परतली, आणि ताईचा घास हातातच राहिला. तिचा चेहरा असा उतरला, की ढग आला म्हणून मी नकळत अंगणाकडे पाहिले.

उपग्रह पृथ्वीच्या सावलीतून बाहेर पडतो, तेव्हा गारठलेल्या पट्ट्या क्षणभर भलत्याच जोराने वीज देतात; तो झटका त्याला बसू देणे हेच पेटीचे काम. आणि ताईने त्या वाटेवर झटका गिळणारा एक इवलासा भाग बसवून ठेवला होता. कोणी मागितला नव्हता. आमचे वडील, आप्पा, पंपाच्या मोटारी दुरुस्त करीत; परतणारी वीज इथे काय काय जाळते हे पाहिल्यामुळे असा राखणदार बसवल्याशिवाय त्यांनी एकही यंत्र हातावेगळे केले नाही. त्यांच्या शेजारी बसून शिकलेल्या बोटांनी, ते जाऊन सहा वर्षे झाली तरी, न विचारता तेच केले होते.

"माय, मी झटका दाबी टाका. तो पास व्हयना ते खोटंच," ताई म्हणाली. झटका न बसताच उपग्रह पास झाला होता.

सांगावे तर नाव जाणार, पुढचे काम जाणार; न सांगावे तर कोणालाच कळणार नाही, फक्त जिथे कुणाचा हात पोचत नाही अशा उंचीवर उपग्रह एके दिवशी मुका होईल. मी भ्यालो. "कदाचित काही होणारही नाही," असे पुटपुटलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते. माय एवढेच म्हणाली, "चुकनं ते सांगी दे, बेटा."

ताईने कंपनीत फोन लावला. तिने सगळे सांगितले. मग पलीकडून कोणीतरी कोरडेपणाने म्हणाले, उद्याच या.

ती गेल्यावर दोन दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. फोन आला तेव्हा ती रडत होती. पहिल्याच झटक्याला उपग्रह बंद पडला होता.

"जमीनवरच बंद पडना ना?" मायने विचारले. "मंग रडस काबर?"

ताईने सांगितले, झटका गिळणारा तो भाग तिने स्वतःच्या हाताने उपटला होता.

"मी आप्पासना हात धरीसन बाजूले करा, असं वाटनं," ती म्हणाली.

जपणारी माणसे निघून जातात, त्यांची जपण्याची सवय आपल्या हातांत उरते. आणि कुठे जपायचे नाही, हे सांगायला मागे कोणीच नसते.