बॅटरी सेव्हर लावतेय, घाबरू नकोस

‘आई, बॅटरी कमी झालीय. बॅटरी सेव्हर लावतेय. आकडा दिसला नाही तर घाबरू नकोस.’

मला कुणी ‘घाबरू नकोस’ म्हटलं की आधी माझे हातपाय गार पडतात. त्यात हे सांगणारी पोरगी गोराईला, मी बोरिवलीत, आणि मध्ये खाडी.

शर्मिष्ठाला, म्हणजे आमच्या शर्मीला, नवव्या वर्षी डायबेटिस निघाला. उतारवयातला नव्हे, लहान मुलांना होतो तो, ज्यात जन्मभर इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. आता ती सोळाची आहे. तिच्या दंडावर दहाच्या नाण्याएवढा एक सेन्सर चिकटवलेला असतो. तो दर थोड्या वेळाने साखर मोजून आकडा तिच्या फोनवर पाठवतो, आणि तिचा फोन तो माझ्या फोनवर पाठवतो. ती शाळेत असो, क्लासला असो की मैत्रिणीच्या वाढदिवसाला, तिच्या रक्तात काय चाललंय ते मला इथे पोळ्या लाटताना दिसतं. आकडा सत्तरच्या खाली गेला की तिचे हात थरथरतात, घाम फुटतो, आणि वेळेवर पोटात गोड गेलं नाही तर ती बेशुद्ध पडू शकते. सातवीत असताना शाळेच्या जिन्यात पडली होती. तेव्हा या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये.

दहावीची परीक्षा संपली म्हणून वर्गाची सहल निघाली होती, सोबत वनमाला मॅडम. रात्री मी स्वतः तिचा फोन चार्जिंगला लावला होता. सकाळी निघताना तो भरलेला होता. मग दुपारच्या आतच बॅटरी खाली? रील्स बघत बसली असणार, दुसरं काय!

माझ्या फोनवरचा शेवटचा आकडा होता ब्याऐंशी. आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. बाण खाली म्हणजे साखर उतरतेय. त्यानंतर नुसती रेघ.

फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. ‘बिस्कीट खा. आत्ताच्या आत्ता,’ असा मेसेज टाकला. त्याच्यापुढे एकच टिक. वनमाला मॅडमचा फोन कव्हरेजच्या बाहेर. त्या गोराईत नेटवर्कची तशीही बोंबच असते.

सासूबाई, रुक्मिणीबाई, कोलंबी सोलत बसल्या होत्या. सगळा जन्म मुंबईत गेला तरी जीभ मालवणातच राहिलीय त्यांची.

"गो, चेडवाक जरा श्वास घेवक दी," त्या नातीची बाजू घेत म्हणाल्या.

"श्वास घेतेय की नाही तेच बघतेय मी!" मी म्हटलं. इतकं तोडून बोलायला नको होतं, पण बोलले.

मग नवऱ्याला, हर्षदला, फोन केला. तो अंधेरीला कंपनीत होता.

"अगं, तिने सांगितलंय ना बॅटरी सेव्हर लावलाय म्हणून?"

"ब्याऐंशी होती, हर्षद. बाण खाली होता!"

"मग तू तिथे जाऊन काय करणार?"

"साखर भरवणार," म्हटलं आणि फोन ठेवला.

ग्लुकोजचा पुडा पर्समध्ये कोंबला, रिक्षा पकडली आणि जेट्टी गाठली. बोट समोर उभी, पण माणसं भरल्याशिवाय सुटेना. दोन मोटारसायकली चढवल्या, मग एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन सावकाश आली. मी बोटीवाल्याला म्हटलं, "दादा, सोडा ना लवकर, माझी मुलगी आजारी आहे पलीकडे." तो म्हणाला, "सुटतेच आहे ताई." तेवढ्यात तिसरी मोटारसायकल आली. त्या क्षणी ती मोटारसायकल खाडीत लोटावी असं मला अगदी मनापासून वाटलं.

बोट सुटली तेव्हा मी पडद्यावर बोट फिरवतच होते. वरून खाली ओढलं की आकडा नव्याने येतो, म्हणून ओढत होते. रेघ. पुन्हा ओढलं. रेघ. सकाळपासून हाच उद्योग चालला होता. मध्येच माझाच फोन विचारतो, बॅटरी कमी आहे, बॅटरी सेव्हर लावू का? मी त्याला शिवी घातली. कोंबड्यांवाली बाई बघायला लागली. बोट निम्म्यात आली नाही तोच पडदा काळा झाला.

तोवर निदान रेघ तरी दिसत होती. आता आकडा आला असता तरी मला कळणार नव्हतं. शर्मी कुठल्या तरी झाडाखाली पडलीय आणि पोरं ‘ए नाटक नको करूस’ म्हणतायत, असंच सारखं डोळ्यांसमोर येत होतं. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही धड आठवेना.

पलीकडे उतरून रिक्षा केली. शाळेची पोरं कुठे उतरलीत, असं विचारत विचारत समुद्राजवळचा एक बंगला सापडला. फाटक ढकललं. आत व्हॉलीबॉल चालला होता. आणि जाळीपाशी, केस विस्कटलेली, चेहऱ्याला वाळू लागलेली, तोंड भरून हसणारी माझी पोरगी.

"शर्मी, तुझी मम्मी!" कुणीतरी ओरडलं. खेळ थांबला. तिचं हसू जागच्या जागी मावळलं.

मी तिला दंडाला धरून सुरूच्या झाडांमागे नेलं. "मीटर काढ."

तिने मुकाट्याने बॅगेतून मीटर काढलं, बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. एकशे दहा. मी तिथेच वाळूत बसले.

"बाण खाली होता," मी म्हटलं.

"माहितीय. दिसायच्या आधीच कळतं मला, हात जड होतात. केळं खाल्लं, चिक्की खाल्ली. मग मोजली. मग खेळायला गेले."

"मग फोन का नाही उचललास?"

"बॅगेत होता."

"दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना!"

ती देईना. मी बॅगेत हात घालून काढून घेतला. बॅटरी सेव्हर चालू होता. वर कोपऱ्यात आकडा होता. अडुसष्ट टक्के.

माझं डोकंच फिरलं. हात उगारला मी, खोटं कशाला बोलू? एवढी घोडी झाली तरी एक ठेवून द्यावी असं वाटलं. "जीव जातो इथे माझा आणि तू थापा मारतेस?"

"मग काय सांगू?" तिचा आवाज चिरकला. "मी आइस्क्रीम खाल्लं की माझ्या आधी तुला कळतं. धावले की कळतं. टेन्शन आलं की कळतं. मागे केतनशी गच्चीवर बोलत होते, तर तुझा मेसेज, साखर का वाढतेय? त्याने वाचला तो, आई. एक दिवस. फक्त एक दिवस मला कुणी बघत नसताना राहायचं होतं."

"आणि पडली असतीस तर?"

"तर मीच पडले असते ना," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला तिचा राग आला होता, आणि माझी मलाच लाज वाटत होती, आणि भीती तर होतीच, ती काही त्या एकशे दहाने गेली नव्हती.

तेवढ्यात हातातला तिचा फोन वाजला. हर्षद.

"शर्मी? आई पोचली का गं? तिचा फोन बंद लागतोय."

"मीच बोलतेय."

"काय झालं? बरी आहे ना?"

"एकशे दहा आहे."

"हुश्श. मग आकडा का येत नव्हता?"

शर्मी डोळे पुसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. बाप तिचा शांत माणूस, पण खोटेपणा त्याला अजिबात खपत नाही. खरं कळलं असतं तर पुढच्या सगळ्या सहली बंद, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"बॅटरी संपत आलीय रे तिची," मी म्हटलं. "ती घरी येईपर्यंत आकडा येणार नाही. आईंनाही सांगून ठेव."

"बरं. तू थांबतेयस ना तिथे?"

"नाही. मी निघतेय."

फोन ठेवून तिच्या हातात दिला. बॅटरी सेव्हर तसाच राहू दिला. ग्लुकोजचा पुडा तेवढा तिच्या बॅगेत टाकला.

"जेवणाआधी मोजते," ती हळूच म्हणाली. "मोजली की आजीच्या फोनवर सांगते."

"सांग," मी म्हटलं आणि फाटकाकडे निघाले. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. फार जड गेलं.