लिंबाजीचं मॅचिंग

"काका, आता तुमीच सांगा. हे असं अंगात घालून म्या बहिणीच्या साखरपुड्याला उभी राहू का?"

दैवशालाने पिशवीतली साडी काउंटरवर पसरली आणि तिच्यावर नवाकोरा शिवलेला ब्लाऊज ठेवला. ती अनाळा गावची अंगणवाडी सेविका, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक; या खेपेला घाईत साडी दुकानात ठेवून कापड निवडायचं काकांवरच सोपवून गेलेली. परंड्याच्या त्या मॅचिंग सेंटरमध्ये तेव्हा आणखी चार बायका होत्या. चौघींनी माना वळवून पाहिलं आणि चौघी एकदम गप्प झाल्या. बायका अशा गप्प झाल्या की प्रकरण गंभीर असतं, हे काउंटरमागच्या लिंबाजीला एकतीस वर्षांच्या अनुभवानं कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की चूक काय झाली. त्याला साडी आणि ब्लाऊज दोन्ही एकाच रंगाचे दिसत होते.

"ट्यूबच्या उजेडात फसगत हुती ताई," तो म्हणाला. "जरा भाईर चला. उन्हात बघू."

हा त्याचा नेहमीचा रिवाज. दुकानात कापड कितीही जुळलेलं वाटो, दोन्ही तुकडे घेऊन गिऱ्हाइकाला रस्त्यावर उन्हात उभं करायचं, एकदा सावलीत आणि एकदा उन्हात दाखवायचं, मगच कात्री लावायची. समोरचा चहावाला म्हणायचा, लिंबाजी बायकांना सूर्यनमस्कार घालायला लावतो. पण आज रस्त्यावर, चैत्राच्या लख्ख उन्हात, लिंबाजीला दोन्ही कापडं पुन्हा तशीच दिसली. तपकिरी आणि तपकिरी.

"काका, साडी वांगी हाय वो," दैवशाला हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आन् ब्लाऊज चॉकलेटी."

लिंबाजी तरीही हसला. "नवीन दिवे बसीवल्यात ना आमच्या मालकाच्या विरेशनं. त्येनं घोळ झाला. परवा या, दुसरा पीस तयार ठिवतो, शिवून बी देतो."

हा लिंबाजी कोण, ते सांगायला हवं. जन्म मेंढपाळाच्या घरातला. पण मेंढरांमागं फिरण्यापेक्षा त्याला बायकांच्या साड्यांकडं पाहण्यात रस, म्हणून बापाच्या शिव्या खाऊन तो परंड्याला आला आणि गुरुसिद्धप्पांच्या कापडदुकानात लागला. शिक्षण सातवी. पण डोळा असा, की बाई पायरी चढेपर्यंत तिच्या पदराचा काठ बघून त्याचा हात फडताळाकडे गेलेला असायचा. राणी, डाळिंबी, मोरपंखी, श्रीखंडी, आमसुली. आमसुलीतही कोवळी आणि जुनी अशा दोन. साडीचा नमुना न आणता नुसती रंगाची आठवण घेऊन आलेल्या बायकांनाही तो बरोबर कापड द्यायचा. "पोपटी म्हंजे राघूच्या पाठीवानी का पखावानी?" असं विचारायचा. आणि त्याचं एक ठाम मत होतं: ब्लाऊज साडीच्या अंगाला जुळवायचा नसतो, काठाला जुळवायचा, काठही गोंधळाचा असेल तर बाईच्या वर्णाकडं बघायचं. निम्म्या तालुक्यातल्या नवऱ्या त्याच्या हातचं मॅचिंग अंगावर घेऊन बोहल्यावर उभ्या राहिल्या होत्या. याचा त्याला गर्व होता आणि तो गर्व तो लपवतही नसे.

गेली दोन वर्षं मात्र तो दुसरं काहीतरी लपवत होता.

सुरुवात पांढऱ्यापासून झाली. पांढरं अस्तर त्याला मोतिया दिसू लागलं. मग निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळू लागले. नेव्ही ब्लू काळ्यात गेला. लिंबाजीनं कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्याला त्याचा आबा, म्हणजे बाप, आठवला. आबाला काचबिंदू झाला होता आणि कळेपर्यंत दोन्ही डोळे गेले होते. शेवटची सहा वर्षं आबा मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी बसायचा, हाताखालून एकेक मेंढरू जाऊ द्यायचा आणि पाठीवर हात फिरवून ते कोणतं ते सांगायचा. नवं कोकरू झालं की मात्र विचारायचा, "रंग कसलाय रं?" घराण्यात असतो म्हणे तो आजार. लिंबाजीनं तेवढं ऐकलं आणि पुढचं काही ऐकायचं नाही असं ठरवून टाकलं.

दोन वर्षं निभावलं ते फडताळामुळं. ती मांडणी त्यानंच केली होती आणि ती रंगांची नव्हतीच, माणसांची होती. खांद्याच्या उंचीला लग्नाचे रंग. त्याखाली मास्तरणींचे, म्हणजे जे फार बोलत नाहीत असे. उजव्या कोपऱ्यात म्हाताऱ्यांचे गडद रंग. सगळ्यात वर कॉलेजच्या पोरींचे, जे दर वर्षी बदलतात. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी त्याचा हात बरोबर डाळिंबीवर पडला असता, आणि आताशा तो जवळजवळ तसंच करत होता.

पण गुढीपाडव्याच्या आधी गुरुसिद्धप्पांच्या मुलाला, विरेशला, दुकान नवं करायची हुक्की आली. त्यानं मोबाईलमध्ये सोलापूरच्या कुठल्याशा दुकानाचा फोटो पाहिला आणि सुट्टीच्या दिवशी येऊन सगळी फडताळं फिक्यापासून गडदापर्यंत ओळीनं लावून टाकली. दिसत होतं देखणं, यात वाद नाही. येणारी प्रत्येक बाई आधी "अगं बाई, किती छान!" म्हणायची. लिंबाजी मात्र आपल्याच घरात वाट चुकलेल्या माणसासारखा त्या ओळींपुढं उभा राहायचा.

दैवशाला गेल्यावर विरेश जवळ आला. पोरगा वाईट नव्हता, पण दुकान आता त्याला चालवायचं होतं.

"काका, महिन्यात ही चौथी तक्रार हाय. तुम्ही काही दिवस फॉल-पिकोच्या टेबलावर बसता का? मॅचिंगला दुसरं कुणी बघू."

फॉल-पिकोचं टेबल मागच्या बाजूला, शिलाई मशीनशेजारी होतं. तिथं बसायला लिंबाजीची ना नव्हती. पण तिथून पायरी चढणारी बाई दिसत नव्हती.

गल्ल्यावर बसलेले गुरुसिद्धप्पा हे सगळं ऐकत होते. कपाळावर विभूती, वय पंचाहत्तर, बोलणं कमी. ते उठले, फडताळातून तीन कापडं ओढली आणि म्हणाले, "लिंबाजी, ये भाईर."

रस्त्याच्या कडेला उन्हात त्यांनी तिन्ही तुकडे हातावर पसरले. "यातला काळा कुठला?"

लिंबाजीनं पाहिलं. तिन्ही काळे होते. त्यानं मधल्यावर बोट ठेवलं.

"हा जांभळा हाय. हा निळा. आन् ह्यो काळा." गुरुसिद्धप्पांनी कापडं खाली केली. "कधीपासून?"

एकतीस वर्षांत लिंबाजी या माणसापुढं कधी रडला नव्हता. आज मात्र चहावाल्यासमोर, भर बाजारात, त्याचे डोळे भरून आले. "दोन वर्सं झाली आप्पा. आबाचं झालं तेच माजं व्हायलंय. डोळं चालल्यात माजं."

"डाक्टरनं सांगितलं?"

"डाक्टरकडं गेलोच न्हाय."

"मग तुला कुणी सांगितलं? कापडानं?" गुरुसिद्धप्पा असे काही कडाडले, की चहावाल्याच्या हातातलं पातेलं हललं. "मूर्ख हाईस लेका तू. गिऱ्हाइकाला उन्हात न्हेल्याबिगर कापड कापत न्हाईस, आन् सोताचं न बघताच कापून मोकळा झालास!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं लिंबाजी आणि त्याची बायको तुळजाबाई बार्शीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. तुळजाबाईनं कसलीही चौकशी केली नाही. भाकरी बांधल्या, पाण्याची बाटली घेतली आणि खिडकीची जागा नवऱ्याला दिली. दवाखान्यात डोळ्यांत औषध घालून तासभर बसवलं, यंत्राला हनुवटी टेकवली, डोळ्यांचा दाब मोजला, प्रखर उजेड पाडून आतलं पाहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई लिंबाजीच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

"मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "चांगला पिकलाय. पिवळट झालाय, म्हणून रंग कळत नाहीत."

"आन् काचबिंदू?"

"नाही."

"माज्या वडलांना हुता."

"म्हणून तर नीट पाहिलं. डोळ्यांचा दाब बरोबर आहे, मागची नस चांगली आहे. वर्षातून एकदा दाखवत चला, बस."

"म्हंजे न्हायच का?"

"नाही हो काका. साधा मोतीबिंदू. आधी उजवा डोळा करू, महिन्यानं डावा. इतके दिवस का थांबलात?"

लिंबाजी बाहेर आला आणि बाकावर बसला. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता आणि आता नुसता श्वास घ्यायलाही त्याला मजा वाटत होती. तुळजाबाईनं डब्यातली भाकरी पुढं केली. त्यानं तीन खाल्ल्या.

पुढच्या मंगळवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बुधवारी सकाळी पट्टी काढली, तेव्हा पहिल्यांदा दिसली ती डॉक्टरीणबाईंच्या मागची भिंत. पांढरी. मोतिया नाही, गव्हाळ नाही, चुन्यासारखी पांढरी. मग खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसला आणि लिंबाजी मोठ्यांदा म्हणाला, "आरं तिच्या!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. ऑपरेशनचा डोळा झाकला की तीच भिंत पिवळी, उघडला की पांढरी. लिंबाजी लहान पोरासारखा आळीपाळीनं डोळे झाकत बसला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हसून काळा चष्मा त्याच्या नाकावर चढवला आणि डोळ्याला हात लावायचा नाही असा दम भरला.

मग विरेशचा फोन आला. "काका, कसं झालं? दिसायलंय?"

"दिसायलंय की. लई दिसायलंय."

"मग महिनाभर आराम करा आन् सरळ काउंटरवर या. दैवशालाताईला आप्पांनी सोता मॅचिंग दिलं. पसंत पडलं, पण जाताना म्हणली, काका आल्यावर पुना एकदा दाखवून घीन. आन् काका, ती फडताळं... जुन्यासारखी लावायची का?"

"राहू दे," लिंबाजी म्हणाला. "छान दिसत्यात. आता मला बी दिसत्याल."

बार्शीच्या बसस्थानकावर परंड्याची गाडी लागायला वेळ होता. दोघं सावलीच्या बाकावर बसली होती. लिंबाजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच चष्मा कपाळावर सरकवला.

"अवो, चष्मा खाली घ्या. डाक्टरनं काय सांगितलंय?"

"एकच मिनिट. तुला बघू दे."

तुळजाबाई निळी साडी नेसली होती. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात घेतलेली, तिची सगळ्यात चांगली. आज नवऱ्याची पट्टी सुटणार म्हणून ती नेसून आली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून पुढं ओढून तिनं गळ्याशी घट्ट धरला होता. त्या पदराखालून बाहीचं टोक दिसत होतं. लिंबाजी त्याकडं बघत राहिला.

बाही हिरवी होती. गर्द हिरवी, बाटलीसारखी.

त्यानं नवा डोळा झाकला. साडी आणि बाही एकाच रंगाची झाली. अगदी एकाच ताग्यातून आत्ताच फाडून घेतल्यासारखी. त्यानं नवा डोळा उघडून जुना झाकला. निळी साडी आणि हिरवी बाही. हा पीस त्यानंच कापून आणला होता. ‘तुज्यासाठी तंतोतंत जुळीवलंय’ असं म्हणून दिला होता.

"हे तू लग्नात घातलंस?"

"व्हय."

"सगळ्या पावन्यांसमोर?"

"मग काय. तुमी आनलेलं हुतं."

लिंबाजीला त्या लग्नाची दुपार आठवली. वैशाखाचा उन्हाळा, मांडवात घामाच्या धारा, आणि तुळजाबाई दिवसभर पदर दोन्ही खांद्यांवर गुंडाळून बसलेली. तो तिला चिडवत होता, म्हातारी झालीस का, थंडी वाजतीया का. ती नुसती हसली होती. त्यानंतर जत्रेला, बारशाला, जिथं जिथं ही साडी नेसली तिथं तिचा पदर असाच होता.

"सांगितलं का न्हाईस मला?"

"काय सांगू? तालुक्याच्या बायका तुमाला इचारून रंग घेत्यात. आन् म्या म्हणू, तुमाला दिसत न्हाय?" तुळजाबाईनं समोरच्या गाडीकडं बघत सांगितलं. "आन् म्या बी भ्यालते. मामंजींचं म्या केलंय सहा वर्सं. तोंडानं बोललं तर खरं व्हईल, आसं वाटायचं."

लिंबाजीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि नव्या डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून त्यानं घाईघाईनं चष्मा खाली ओढला. मग म्हणाला, "उद्या विरेशला सांगून निळा पीस मागवतो. बरोब्बर निळा."

"मागवा. पर ह्यो बी ठेवणार म्या. चांगला बसलाय अंगात."

परंड्याची गाडी लागली. गर्दी नव्हती. लिंबाजीनं या वेळी खिडकीची जागा तिला दिली. गाडी गावाबाहेर पडली, वारा आत आला. तुळजाबाईनं गळ्याशी धरलेली मूठ सोडली, पदर डाव्या खांद्यावर नीट घेतला आणि हिरव्या बाहीचा उजवा हात कोपरापर्यंत खिडकीच्या गजावर ठेवून दिला, सगळ्यांना दिसेल असा.