वारा शिरलाय म्हणे

छातीत धडधडायला लागलं, आता मरणार असं वाटलं, की सासूबाई माझ्या पाठीला तेल चोळून नाण्यानं खरवडून लाल रेघा ओढतात. इंडोनेशियात, आमच्या सुराबायात कुणाला काहीही होवो, अंगात वाराच शिरलेला असतो, आणि तो असा बाहेर काढायचा!

नुसतं बोलून बरं करणाऱ्या डॉक्टर लारासकडे गेले, तर तिथंही सासूबाई सोबत.

"तेव्हा कसली भीती वाटते?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"भीती कसली? वारा शिरलाय," सासूबाई म्हणाल्या.

प्रत्येक प्रश्नाला त्यांचंच उत्तर. माझी धडधड सुरू झाली. त्यांनी लगेच पिशवीतून नाणं काढलं.

"ठेवा ते आत, इबू!" मी सासूबाईंवर ओरडले. "पाठ घेतलीत, तोंड तरी माझं मला राहू द्या!"

सासूबाईंनी नाणं पिशवीत टाकलं.

"आता धडधडतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"जोरात."

"मरणार असं वाटतंय?"

"मी? मी कशाला मरू?"