घरचा ळ

तिने व्हिडिओ थांबवला आणि पडद्याला नाक लागेल इतकी पुढे वाकली. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘थांबलेली वेळ’. थ तिचा होता. ब तिचा होता. ल तर तिने इतक्यांदा पुसून पुन्हा काढला होता, की झोपेतही ओळखला असता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

व्हिडिओ धाकट्या भावाचा होता. तो जुनी घड्याळं दुरुस्त करायचा आणि दुरुस्तीचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा. आजवर ते नातेवाइकांशिवाय फारसं कुणी बघत नसे. हा एक मात्र लाखांनी पाहिला होता आणि भावजयीने मोठ्या कौतुकाने तिलाच पाठवला होता.

हा फॉन्ट तिने एकटीने, नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं खपून काढला होता. तो पुरा करून आपल्या नावाने विकायचा, एवढीच तिची हाव. सगळी अक्षरं जमली, ळ तेवढा अडून बसला. दोन्ही गाठी सारख्या केल्या की त्याचा चष्मा व्हायचा, एक मोठी केली की तो कलंडायचा. शेवटी ळची जागा रिकामी ठेवून तिने नमुन्याची फाइल घरच्यांना पाठवली होती, नुसती बघायला. कुठेही वापरू नका, असं वर ठळक लिहिलंही होतं.

तिने फोन लावला.

“कुणाला विचारून वापरलास?”

“घरचंच तर आहे, ताई,” तो हसला. “सख्ख्या बहिणीची अक्षरं वापरायलाही आता परवाना काढायचा का?”

“सख्खा आहेस, म्हणून तर विचारायला हवं होतंस.”

मग तिने त्याला फाडून खाल्लं. जे फुकट फिरतंय ते उद्या विकत कोण घेणार, हे त्याला कळतं का? मध्येच आईने फोन हातात घेतला. अक्षरांवर कसली गं मालकी सांगतेस, त्याचं जरा कुठे बरं होतंय तर तुझ्या का पोटात दुखतंय, असं तिने विचारलं. ते वर्मी लागलं. आजच्या आज व्हिडिओ उतरवला नाही तर रीतसर तक्रार करीन, असं तिने भावाला सुनावलं.  न विचारता वापरलेल्या एका गाण्यापायी त्याच्यावर आधीच तक्रार झाली होती. आणखी एक झाली तर चॅनलच बंद पडायचं.

“हा एकच चालला गं, ताई.”

“उतरव.”

 मग तो म्हणाला, “ळच्या जागी नुसता चौकोन येत होता. मग ळ मीच ब्रशने काढला. तेवढा तरी बरा आहे का?”

रागाच्या भरात तिने ळकडे पाहिलंच नव्हतं. तिने फोन ठेवला आणि अक्षर मोठं केलं.

उजवी गाठ किंचित लहान होती आणि केसभर वर. बस्स, एवढंच. अक्षर कसं ठाम उभं होतं. तिला भावाचा राग आला, मग स्वतःचा, मग पुन्हा त्याचाच. शाळेत याची चित्रं तीच काढून द्यायची.

तिने पडद्यावरच्या ळची प्रत काढून ठेवली. फॉन्टमधली रिकामी जागा उघडली, ती प्रत खाली ठेवली आणि भावाच्या रेघेवरून एकेक बिंदू मांडत गेली. विचारायला फोन शेजारीच होता.

संध्याकाळी त्याचाच आला.

“उतरवला, ताई. माझ्याकडच्या फायलीही पुसल्या.” आवाजात राग नव्हता, म्हणून तिला तो अधिकच झोंबला. “एकदा बघून घे. कुठे काही राहिलं असेल तर सांग.”

समोर पडद्यावर तिच्या फॉन्टमध्ये ‘वेळ’ लिहिलेलं होतं. पहिल्यांदाच पुरं.

“नाही,” ती म्हणाली. “आता कुठेच काही राहिलेलं नाही.”