झोपेतलं माप

चमच्यानं अंड्याचं टोक फोडलं तसा आतला बलक बशीत ओघळला, आणि अप्पांना ते पत्र आठवलं. चार महिन्यांपूर्वी आलेलं, निदान दहा वेळा वाचलेलं, आणि एकदाही उत्तर न दिलेलं.

पत्र एका दुरुस्तीवाल्या मुलीचं होतं. अंधांसाठी ब्रेल पुस्तकं काढणाऱ्या छापखान्यातली बारा यंत्रं ती सांभाळत होती. त्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, अप्पांनी तीस वर्षांपूर्वी लिहिला होता. सुई कागदावर दाबली की ठिपका नीट उठेपर्यंत तिला तीन मिलिसेकंद तिथंच थांबवायचं, हे त्यातलं एक बारीकसं काम. गेल्या वर्षी यंत्रांत नवे प्रोसेसर बसवले, कोड तोच ठेवला, आणि ठिपके बसके यायला लागले. 'पहिली दोन-तीन पानं सुरेख उठतात,' तिनं लिहिलं होतं, 'मग काम वाढलं की अक्षरं बोटांना लागतच नाहीत. थांबण्याच्या कोडवर आपलं नाव आहे आणि शेजारी "हात लावू नये" असं लिहिलंय. कारण कळेल का? वर्षअखेरपर्यंत दोष सापडला नाही, तर बाराही यंत्रं भंगारात जातील.'

वर्षअखेर नऊ दिवसांवर आली होती. अप्पांना काय लिहावं ते सुचलं नव्हतं. आपण काहीतरी घोळ घालून ठेवलाय एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो कुठं, ते शोधायचा धीर होत नव्हता.

"अंड्याकडे काय बघत बसलात?" बायको म्हणाली. "ते काय उत्तर देणार आहे?"

"कच्चं राहिलंय."

"कसं राहील? तीनशे मोजले. रोज तीनशेच मोजते."

"घड्याळ न बघता?"

"घड्याळ कशाला? पहिल्यांदा लावून बघितलं होतं ना. तीनशे म्हणजे बरोबर आठ मिनिटं."

"कधी बघितलं होतंस?"

"कधी म्हणजे? उठल्या उठल्या. डोळेसुद्धा धड उघडले नव्हते."

"आणि आज?"

"आज दोन कप चहा पोटात गेलाय. शिवाय फोनवर तुमच्या बहिणीशी भांडून झालंय."

अप्पांचा चमचा हवेतच राहिला.

"म्हणजे आज तू भराभर मोजलंस."

"मोजले तीनशेच. मी काय खोटं बोलते?"

"नाही गं! तू खरंच बोलतेयस. तोही बिचारा खरंच बोलतोय!"

"तो कोण?"

पण अप्पा खुर्ची सरकवून आतल्या खोलीत पोचलेसुद्धा होते. कपाटाच्या तळातून त्यांनी जुन्या कोडचा गठ्ठा ओढला. कडांना भोकं असलेला तो एकसलग कागद पलंगावरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत उलगडत गेला. बायकोनं पुसायचं फडकं खांद्यावर टाकून दुसरं टोक धरलं.

ते नेमकं तिथंच होतं. यंत्र सुरू झाल्याबरोबर कर्नल एकदाच मोजून ठेवायचा, की एका मिलिसेकंदात प्रोसेसरच्या किती रिकाम्या फेऱ्या होतात. पुढं थांबायची वेळ आली की तेवढ्या हिशेबानं फेऱ्या मारायच्या. अप्पांच्या वेळी प्रोसेसरला एकच चाल होती. हा नवा मात्र वीज वाचवायला सुरुवातीला पेंगत असणार, आणि काम अंगावर पडलं की धावत सुटणार. माप घेतलं पेंगताना, फेऱ्या मारल्या धावताना! तीन मिलिसेकंदांचं थांबणं एकातच उरकलं, आणि ठिपका उठायच्या आत सुई मागं.

हे सगळं बायकोला सांगता सांगता अप्पांनी मांडीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला.

"मग यात तुमची काय चूक?" बायको म्हणाली. "तेव्हा असला प्रोसेसर नव्हताच मुळी. तसं लिहून टाका. सुटलात."

चार महिने हे एक वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून अप्पा झुरत होते. त्यांनी मान डोलावली, पण बोट पुढच्या ओळींवरून सरकतच राहिलं आणि एका जागी थांबलं. यंत्रात प्रोसेसरच्या बाहेर घड्याळाची वेगळी चिप होती. कुणी पेंगो की धावो, तिचा ठोका एकसारखा. तिला विचारायला किंचित वेळ लागतो, म्हणून चाळिशीतल्या हुशार अप्पांनी ती बाजूला सारली होती. समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'गरज नाही'.

"सापडली!" ते ओरडले. "चूक माझीच आहे!"

"मग नाचताय कशाला?"

"अगं, केवढी सुंदर चूक आहे! तू बघ तरी!"

"फोन करून सांगा तिला."

"फोनवर मी नुसतं 'बरं, बरं' म्हणून ठेवून देईन. लिहूनच देतो."

दुपारपर्यंत तीन पानं झाली. बायकोनं चष्मा लावून ती वाचली आणि पहिली दोन बाजूला काढली.

"ही दोन पानं तुम्ही माफीच मागताय. तिला यंत्रं दुरुस्त करायचीत, तुम्हाला नाही."

अप्पांनी तिसरं पान पुन्हा नीट उतरवलं. 'फेऱ्या मोजणं काढून टाका. थांबायला लागताना घड्याळाच्या चिपचा आकडा घ्या, आणि ताज्या आकड्यातून तो वजा करत राहा. वजाबाकी तीन मिलिसेकंदांची भरली की सुई सोडा. अमुक आकडा ओलांडला का, असं विचारू नका. चिपचा आकडा भरला की पुन्हा शून्यावर येतो. क्षणभर जास्त थांबलं तरी चालेल, कमी कधीच नको.' खाली दहा ओळींचा कोड. त्याच्याही खाली, जरा विचार करून, 'चूक माझी होती. माझी सूचना खोडा आणि खुशाल हात लावा.'

टपाल कचेरीत त्यांनी सर्वांत लवकर जाणारं टपाल मागितलं.

"परवा पोचेल," खिडकीतली बाई म्हणाली.

"म्हणजे सात दिवस उरतात," बायको हळूच म्हणाली. "पुरतील?"

"दहा ओळी तर आहेत. एका दिवसाचं काम. बाकीचे सहा दिवस माझ्यावर विश्वास ठेवायला."

बाईनं शिक्का मारला आणि पाकीट बाजूला ठेवलं. बायकोनं पर्स बंद केली.

"चला, झालं ना?"

"थांब," अप्पा खिडकीच्या गजाला धरून म्हणाले. "थैलीत पडू दे."

दोघं उभी राहिली. मागचा माणूस खाकरला. बाईनं आणखी दोन पाकिटांवर शिक्के मारले, तिन्ही उचलली आणि न बघता मागच्या थैलीत टाकली.