मधली मुलगी

चिंचवडहून सकाळची एस.टी. पकडली तेव्हा चार वर्षांच्या जाईला सहलीला जायचंय एवढंच सांगितलं होतं. आधी एका लेखकाचं घर बघायचं, मग जुन्नरला काकांकडे जेवायला. थोरली आणि धाकटी आजीपाशी राहिल्या होत्या. जाईच्या फ्रॉकांची पिशवी तिच्या आईच्या, कस्तुराच्या पायाशी होती.

कस्तुराच्या नवऱ्याच्या, ज्योतीरामच्या थोरल्या भावाला, यशवंतरावांना, मूल नव्हतं. तिघींपैकी मधली त्यांना द्यायची, असं सासूबाईंनी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. आईने आपल्या हाताने मुलगी जावेच्या मांडीवर बसवायची, की ती त्यांची झाली. कस्तुरा त्यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही.

कांद्याच्या ट्रकांमागे रखडत गाडीने चाकण ओलांडलं. वाटेतलं लेखकाचं घर ही ज्योतीरामची कल्पना. पोरीला रडवत न्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिथे काचेच्या पेट्यांत चष्मा, टाक, झिजलेल्या वहाणा होत्या. जाईने राखणदाराला विचारलं, "हे बाबा चष्मा न घेताच गेले?"

"घाईत गेले, बाळ," तो म्हणाला.

कस्तुरा पेट्यांवरची प्रत्येक चिठ्ठी शेवटपर्यंत वाचत होती. शेवटच्या पेटीपाशी पोचल्यावर पहिलीत काय होतं ते तिला आठवेना.

जुन्नरला दुपार झाली. निजामशाहीच्या वेळचं गाव. पडका तट दाखवत ज्योतीराम लेकीला घोडेस्वारांच्या गोष्टी सांगत होता, जरा जास्तच मोठ्याने. घरी यशवंतरावांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी मुलगी मांडीवर घ्यायला पाट मांडून ठेवला होता, शेजारी नवं परकर-पोलकं. यशवंतरावांनी जाईला उचलून खांद्यावरच घेतलं.

मंजुळाबाईंनी कस्तुराला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"खरं सांग. तुझ्या मनाने देतेस का?"

"मला काही वाटतच नाहीये, अक्का. सकाळपासून वाट बघतेय, रडू येईल म्हणून."

"तिला ठेवून गाडीत बसशील, तेव्हा येईल?"

"माहीत नाही."

मंजुळाबाईंनी स्टोव्हची वात कमी केली, परत मोठी केली. मग बाहेर जाऊन पाट उचलला आणि भिंतीला टेकवला. "मला नाही झेपायचं एवढं लहान पोर," त्या दोघा भावांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझी कंबर कुठे धड आहे? घेऊन जा तिला."

यशवंतराव बघतच राहिले. इतकी वर्षं देवांना साकडं घातलंस आणि आता कंबर आठवली, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. आईला काय तोंड दाखवू म्हणून ज्योतीरामही चिडला. मंजुळाबाई खाली मान घालून ताटं वाढत होत्या.

आपण एक वाक्य बोललं पाहिजे, हे कस्तुराला कळत होतं. ती पानावर बसली, जाईला भरवलं, स्वतः जेवली. भातात मीठ होतं की नव्हतं, तिला सांगता आलं नसतं.

परतीच्या गाडीत ज्योतीराम म्हणाला, वहिनी अशा निघतील असं वाटलं नव्हतं.

"मलाही," कस्तुरा म्हणाली, आणि जाईच्या अंगावर पदर ओढला.