सहाव्या पाण्याचा रंग

"छठा पानी कहाँ गया?" प्रतिभाताईंनी वही मागेपुढे चाळत विचारलं. विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक पलीकडच्या टेबलापाशी पोचले होते.

प्रकल्प रेहानाचा होता. ती भैरवगढ़च्या कापड-छपाईवाल्यांची, बारावीतली मुलगी. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून ताई दर रविवारी तिथल्या मुलींना हौसेने विज्ञान शिकवत. रेहानाने सहा ठिकाणच्या पाण्यात एकच लाल रंग उकळून पाहिला होता. कापडाचे पाच तुकडे लालभडक झाले. घरच्या हातपंपाच्या पाण्यातला मात्र काळपट. लोहाचा अंश असणार, हे ताईंनी ओळखलं होतं. पण तिचं तिलाच सापडावं म्हणून त्या नोंदीखाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं : इसका संशोधन करो.

आता सहाही नोंदी लाल होत्या. तुकडेही.

"आपने ही तो लिखा था, मैडम. तो मैंने ठीक कर दिया."

ताईंनी स्वतःचा शेरा पुन्हा वाचला. लग्न होऊन वाईहून या हिंदी मुलखात आल्याला तीस वर्षं झाली होती. बोलायची हिंदी अंगवळणी पडली, लिहिताना हात मराठीच राहिला. मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणं. हिंदीत, चूक दुरुस्त करणं.

त्यांनी तिला ते सांगितलं. रेहाना म्हणाली, "मतलब, वो काला वाला सही था?"

परीक्षकांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं. वहीत नाही त्याला गुण कसे द्यायचे, म्हणाले. प्रदर्शनात निवड झाली तरच पुढे शिकवेन, असं रेहानाच्या अब्बांनी बजावलेलं होतं. उन्हाळ्यात रेहानाचा निकाह झाला.

"तुझी हिंदी अजून वाईचीच," नवऱ्याने, अनिलरावांनी, एकदा थट्टा केली. ताई हसल्या नाहीत. रविवारी त्या घरीच राहू लागल्या.

चार वर्षांनी जूनमध्ये रेहानाचा फोन आला. एकदा तरी या, म्हणाली. ताई तिच्या सासरी पोचल्या तेव्हा ऐन दुपार होती, सूर्य थेट डोक्यावर. अंगणात सावली मोजायला काठी रोवलेली, ओसरीवर चटई टाकून सात-आठ मुली बसलेल्या. रेहानाच्या मांडीवर बाळ झोपलं होतं.

काठीपाशी वाकलेली मुलगी रडवेली होऊन रेहानाला म्हणाली, "बाजी, सबकी परछाईं आई. मेरी बारी में आई ही नहीं."

"तो यही लिख. नहीं आई."

"गलत नहीं होगा?"

"तूने देखा न? लिख."

ताईंनी चपला काढल्या आणि चटईच्या टोकाशी टेकल्या. शेवटच्या मुलीने वहीतून डोकं वर न काढता, सरकून त्यांना जागा करून दिली.